एका नंबरची दोन माणसं

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुमच्या दवाखान्याचं पत्र आलं. माझ्या मोतीबिंदूला पुढच्या महिन्याची तीन तारीख मिळाली. यांच्या काचबिंदूच्या ऑपरेशनचं मात्र काहीच नाही! नाव एकाच दिवशी, एकाच टेबलावर नोंदवलं होतं. खिडकीवर विचारलं, तर म्हणे असं कुणी यादीतच नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. काल यांनी चहा कपाबाहेर ओतला आणि वर मीच कप सरकवला म्हणाले. तू तिथेच कॉम्प्युटरवर बसतोस ना, मग बघ. तुझं नेहमीचं ‘बघतो’ नको.

उशीर केलास तर कान पिळायला येईन, तोवर सुखी राहा.

तुझी ताई


१६ जानेवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

ताई, भाऊजींचं नाव मीच उडवलं गं. चार टेबलांच्या याद्या एकत्र केल्या, तेव्हा बरीच माणसं दोनदा आली होती. म्हणून पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादीत एका माणसाची एक ओळ, नाव, जन्मतारीख, फोन यांच्यामधे उभ्या रेघा; प्रत्येक ओळ त्या रेघांपाशी तोडायची, फोन नंबर बघायचा, तो आधी येऊन गेला असेल तर ओळ गाळायची. तुमच्या घरी फोन एकच. तुझी ओळ आधी होती, ती राहिली.

आता नंबरला नाव आणि जन्मतारीख जोडून पुन्हा चालवला, तर गळालेली एकशे चौदा माणसं सापडली. साहेबांना सांगितलं. ते ओरडलेही नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. तारखा वाटून झाल्यात, त्यामुळे ही सगळी यादीच्या शेवटी जाणार, म्हणजे पाच महिने. भाऊजींना मधे घुसवणं माझ्या हातात आहे. पण बाकीच्यांना काय तोंड दाखवू? तू म्हणशील तसं करतो.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझा धाकटा


२३ जानेवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पेन हातात धरवेना. यांना पत्र वाचून दाखवलं. मधे घुसायला यांनी साफ नकार दिला. मग मीच डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि माझी तारीख यांना द्या म्हटलं. माझा मोतीबिंदू थांबेल. त्या लगेच हो म्हणाल्या. पण यांना तपासल्यावर म्हणाल्या की उजवा डोळा गेला, आता डावा वाचवायचा. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहिते.

आता रडत बसू नकोस. त्या एकशे चौदा घरी स्वतः फोन कर. बायकोनं उचलला तर नवऱ्याचं विचार, मुलीनं उचलला तर आईचं. कुणाला थांबणं परवडणार नाही ते डॉक्टरीणबाईंना कळव.

माया आहेच. राग गेला की तेही कळवीन.

तुझी ताई