मेंबर सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही

दहिसर (पूर्व),
ता. १८ मे

चि. सौरभ,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, मी रागावलो म्हणून ते कमी होत नाहीत. आईचे गुडघे आहेत तसेच. टँकर आला की अजूनही बालदी घेऊन खाली धावते, माझं ऐकेल तर शपथ. गावाहून आंब्याची पेटी आलीय. सूनबाईला, रुचिराला सांग, आंबे अजून पिकायचे आहेत.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की नुसता अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचा मला वीट आलाय.

तू मला जेवायला नेलंस तो तुझा गोल्फ क्लब छान आहे, नाही कशाला म्हणू? ऐन मे महिन्यात इतकं हिरवं गवत मी कोकणातही पाहिलं नाही. प्रवेश फी ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात गावचं घर नवं झालं असतं." मीच तिला गप्प केलं. तुझ्या कष्टाचे पैसे, तुझी मर्जी. आता तू खेळत नाहीस, हा भाग वेगळा. "बाबा, खेळायला कोण येतं? इथे ओळखी होतात," असं तूच म्हणालास.

चपला चालत नाहीत म्हणून तू मला तिथल्याच दुकानातून बूट घेऊन दिलेस. बोटं चेपत होती, तरी तेच घालून आत आलो. जेवल्यावर मी पाकीट काढलं, तर म्हणालास, "ठेवा ते, इथे फक्त मेंबरची सही चालते." अरे, गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा सोबतच्या माणसाच्या चहाचे पैसे मी दुसऱ्याला देऊ दिले नाहीत.

असो. आता लहूबद्दल. आपल्याला वाढत होता तो वेटर, केस माझ्यासारखेच पांढरे झालेले. पाणी ओतता ओतता त्याने हळूच विचारलं, "काका, तुमचो गाव खंयचो?" मी म्हटलं, मसुरा. "माझी सासुरवाडी थंयच," म्हणाला. निघताना मी त्याच्या खिशात एक नोट कोंबली. "पोरांका खाऊ घेवन जा." तो नको नको म्हणत होता, "काका, ह्यां हंय चलणा नाय." मी ऐकलं नाही. आपल्याकडे निघताना माणसाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय पाय निघत नाही. तुझ्याही हातावर ठेवायचे लोक, विसरलास?

कोणीतरी ते पाहिलं. मेंबरच्या पाहुण्याकडे पैसे मागितले, असा ठपका ठेवून त्याला घरी बसवलंय. आपल्या गावकरी मंडळाच्या सभेत भेटला, तेव्हा मला हे कळलं. वर मलाच समजावतो, "काका, तुमी मनार घेव नकात."

तुला फोन केला, तर तू म्हणालास, "बाबा, यात पडू नका. माझी मेंबरशिप अजून पक्की झालेली नाही. कमिटीने विचारलं, मी सांगितलं, माझं लक्ष नव्हतं." लक्ष नव्हतं? सौरभ, मी नोट देत असताना माझं कोपर धरून "चला ना बाबा" कोण म्हणत होतं? मला संताप आला. अजून आहे.

मग मी एकटाच गेलो. अंधेरीहून रिक्षा केली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "किसके गेस्ट हो?" तुझं नाव सांगितलं. "मेंबर साथ में नहीं, तो एंट्री नहीं." म्हणजे खरं सांगायलाही मला तुझं बोट धरून जावं लागणार! उन्हात बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

आता जे आईलाही बोललो नाही, ते लिहितो. आपल्या टेबलापाशी तुझे ते साहेब आले. तू रुचिराची ओळख करून दिलीस. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अँड अंकल?" तू मेनूकार्ड उचललंस आणि म्हणालास, "फ्रॉम अवर नेटिव्ह प्लेस." एवढं इंग्रजी मला कळतं रे. हातातला घास मी ताटात परत ठेवला. त्यानंतर लहूने गाव विचारलं. त्या अख्ख्या दुपारी आपुलकीने चौकशी करणारा तो एकटाच. मी नोट का कोंबली, ते आता तुला कळेल.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी गेटवर उभा असेन. कॉलरचा शर्ट घालीन, ते बूटही घालीन. मला आत ने. पैसे मी आपणहून दिले, हे सेक्रेटरीला मी सांगेन. तू फक्त मी कोण, ते सांग. त्यापायी तुझी मेंबरशिप गेली तर जाऊ दे. त्या माणसाची नोकरी गेलीय.

नाही आलास तर रिक्षा करून घरी येईन. पुन्हा या विषयावर फोन करणार नाही. आंबे पाठवीनच.

गेटवर अडायला नको म्हणून नाव पूर्ण लिहितो.

जयवंत धोंडू परब,
तुझा बाप