एका घराला दोन मीटर

अप्पा, आपल्या अंगणात आता विजेवरची कार उभी असते. तुम्ही असता तर तिच्याभोवती हिंडून, वाकून बघून विचारलं असतं, ‘अगं, हिला पाजायचं काय?’ वीज, अप्पा. श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीतून घरी आले की पुढच्या खिडकीतून वायर सोडते, झालं. कंपनीच्या बसमध्ये मान मोडून झोपायचे दिवस संपले, पेट्रोलचाही खर्च नाही. त्या खुशीत होते, तेवढ्यात दोन महिन्यांचं बिल आलं. आगीतून उठून फुफाट्यात! पहिली शंभर युनिटं फुकट, पण पुढं जितकं जाळाल तितका दर चढतो, हे मी विसरलेच होते. खाली मी एकटी, वर तुमचा धाकटा आणि त्याची बायको, त्यांचे एसी, माझी गाडी, सगळं एकाच मीटरवर. बिल निम्मंनिम्मं.

‘जास्तीचं मी भरते,’ म्हटलं तर धाकटा फुगला. ‘अक्का, घरात हिशेब मांडायचा का आता?’ भावजय व्यवहारी. ‘वरचा मीटर वेगळा घेऊ या ना अक्का. दोन्हीकडे शंभर युनिटं फुकट, दरही चढणार नाही. अख्खी गल्ली तेच करते.’ चुकीचं काहीच नव्हतं. मला मात्र पुढचंच दिसू लागलं. आज मीटर वेगळा, उद्या एकत्र जेवणं बंद, वरचा गॅस पेटेल, आणि मी खाली एकटीसाठी कुकर लावीन.

काका वर राहायचे तेव्हा त्यांनी हेच सुचवलं होतं. तुम्ही ताटावरून उठलात. हात सांबारानं माखलेला आणि ओरडताय, ‘एका घराला दोन मीटर? उद्या दोन दारं मागशील!’ अम्मा तुम्हाला ओढून बसवतेय, ‘आधी जेवा, पानातला अप्पळम पापड मऊ पडतोय.’ काका खाली मान घालून हसतायत. पुढं ते बदली होऊन गेले, तरी ‘मीटरच्या नादानंच घर फुटलं’ म्हणत तुम्ही शेवटपर्यंत त्या न घेतलेल्या मीटरलाच बोल लावलात. किती हट्टी होता हो तुम्ही!

शेवटी आम्ही अर्ज केला. परवा वीजखात्याचा माणूस तपासायला आला. संसार खरोखर वेगळे असतील तरच दुसरा मीटर मिळतो, म्हणून वर जाऊन बघून आला आणि धाकट्याला तमिळमध्ये विचारलं, ‘स्वयंपाक वेगळा की एकच?’ वर ओटा आहे, गॅस आहे. ‘वेगळा’ म्हटलं की काम झालं असतं. भावजय त्याच्या तोंडाकडे बघत होती.

‘एकच,’ तो म्हणाला. ‘अक्काच्या हातचं खातो आम्ही.’

अर्ज बारगळला. ‘भरा आता बिलं जन्मभर!’ भावजय फणकारली, आणि दुपारी स्वतःच खाली येऊन पानं मांडली. मला वाढताना रडू येत होतं. कांद्यावर ढकललं.

एक मात्र सांगते, अप्पा. त्या माणसानं मला विचारलं असतं तर मी ‘वेगळा’ म्हणाले असते. माझ्या गाडीचं ओझं त्यांच्यावर नको म्हणून. धाकट्याला हे सांगायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.