बाईंची डावी बाजू

५ मे, सोमवार

आज कोंबड्यांनी जे खाल्लं ते कोणाला कळलं तर माझी नोकरी गेली!

दुपारी वृद्धाश्रमाच्या मागे कपडे काढायला गेले. दोरीवर जानकीबाईंच्या पातळाआड एक पिशवी वाळत होती. गोल, मऊ, झकास शिवलेली, हातात धरली तर बऱ्यापैकी जड. मला वाटलं चेंडू. आणि समोर आमचा ड्रायव्हर ओंकार बाकड्यावर उताणा, शर्ट वर, पोट उघडं, घोरतोय! आता असा चेंडू आणि असं पोट — माणसाने काय करायचं?

नेम धरला. बरोब्बर बेंबीवर. आणि पिशवी फुटली! सावरीचा कापूस उडाला, आतनं नाचणी सांडली, कोंबड्या धावत आल्या.

ओंकार उठून बोंबलला, "आवशीचो घो! ह्या खंयसून इला?"

"तुज्या पोटातला भायर इला," म्हटलं आणि पळाले.

संध्याकाळी जानकीबाई जेवायला आल्या नाहीत.

६ मे

बाई म्हणजे जन्मभर देवगडकडे मास्तरीण. वृद्धाश्रमात येऊन पण आम्हाला शुद्धलेखन शिकवतात. मी बारावी नापास, माझ्यावर तर खास राग. आज खोलीत बसल्या होत्या, मे महिन्यात अंगावर शाल! घाम निथळतोय.

"बाई, ताप इलो?"

"दोरीवरची माझी एक वस्तू कोणीतरी नेली आहे." एकदम शाळेतला आवाज.

"चेंडू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग शाल बाजूला केली. ब्लाउज उजवीकडे भरलेला, डावीकडे सपाट. रिकामा.

"शिरा पडो तुज्या तोंडार," हळूच म्हणाल्या. "ता चेंडू नाय गो. ता माजा आंग आसा."

मी तिथेच जमिनीवर बसले.

मग सांगितलं, कापूस गोळा करून आणते, पण नाचणी कोंबड्यांच्या पोटात गेली. बाई शालीत तोंड घालून हसायला लागल्या. "म्हणजे उद्याची अंडी मी खावची नाय."

७ मे

नवीन शिवून दिली. नाचणी जास्त झाली. बाई पडवीत चालायला लागल्या तर डावीकडे कलतायत.

"काढ गो थोडी. माका होडी केलंस!"

शिवता शिवता सगळं कळलं. कॅन्सर होता. बरीच वर्षं झाली, बहिणीकडे मुंबईला राहून ऑपरेशन केलं. तेव्हा त्यांच्या मुलीचं, गौरजाताईचं, लग्न ठरत होतं. "आवशीक आसा म्हणजे चेडवाक पण येतला, असा लोक बोलतत. कोण करतलो तिका?" म्हणून गावभर सांगितलं, पित्ताचे खडे. मुलीला पण तेच. बहीण वारली. आता हे माहीत फक्त मला.

"कोणाक सांगशीत तर बघ."

डाव्या हाताचं पण सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, हात सुजतो.

९ मे

तपासणी! दर तीन महिन्यांनी असते. नम्रता सिस्टर हॉलमध्ये खुर्च्या मांडून बसते आणि एकेकाला विचारते. अर्ध्यांना ऐकू येत नाही, म्हणून सगळं ओरडून. म्हणजे कोणाला काय झालंय ते हायवेवरच्या ट्रकवाल्याला पण कळतं.

"आजोबा, ऑपरेशन झालंय का कधी?"

"काय?"

"ऑपरेशन!"

पलीकडच्या खुर्चीवरून सावित्रीकाकू, "मुळव्याधीचा झाला त्याचा! दोनदा! लिवा!"

कागदाची एक प्रत प्रत्येकाच्या घरी व्हॉट्सअॅपवर जाते.

बाईंचा नंबर आला. "बाई, ऑपरेशन?" सगळा हॉल कान टवकारून. सावित्रीकाकू तर खुर्चीच्या टोकावर.

"नाही," बाई म्हणाल्या.

सिस्टरने लिहिलं — नाही. आणि पट्टा घेतला, डाव्या हाताला!

"सिस्टर, त्या हाताक गांधील चावली!" मी किंचाळले.

"कुठे?"

"आत! दिसत नाय ती!"

सिस्टर वैतागली, पण उजवा घेतला. बाईंनी मला डोळा मारला. मास्तरणीने! डोळा!

१२ मे

बाईंचं बीपी आज परत बघायचं होतं, म्हणून मशीन तांदळाच्या डब्यात. सिस्टर शोधतेय. मी पण शोधतेय.

१३ मे

मशीन सापडलं. म्हणून आज बाईंच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत मेंदी काढली. ओली. पट्टा बांधून दाखवा!

सावित्रीकाकू आल्याच. "ह्या वयात मेंदी? लगीन कोणावांगडा गो, जानक्ये?"

बाई म्हणाल्या, "तुज्या घोवावांगडा. तुका सांगूक नाय त्याने?"

सगळी पडवी खिदळली. सावित्रीकाकूंनी दुपारचा चहा घेतला नाही. मी आयुष्यात एवढी चांगली नोकरी केली नाही.

१५ मे

उद्या वैभववाडीला जाते, मामेबहिणीचं लग्न. बाईंना सांगितलं, दोन दिवस तब्येत सांभाळा, मी नाही तर गांधील चावणार नाही.

१८ मे, रविवार

काय करून बसले मी.

काल बाईंना जुलाब झाले. उलट्या. डोळे फिरवले. डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच सलाईन लावा. सिस्टरने कागद बघितला. ऑपरेशन — नाही. डाव्या हाताची शीर चांगली दिसली. लावलं.

आज हात बघवत नाही. लाल, ताणलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली. मेंदी अजून आहे वरती. ताप आहे. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. त्यांनी विचारलं, ह्या बाजूला पूर्वी काही झालंय का? सावित्रीकाकू दारात उभ्या होत्या. बाई नाही म्हणाल्या.

१९ मे

मॅनेजर अजय सर सिस्टरवर ओरडले, सगळ्यांसमोर. "साधी सुई लावता येत नाही? महिनाअखेरपर्यंत बघा दुसरीकडे!" सिस्टर स्टोअरमध्ये जाऊन रडली. तिची चूक काय? तिला सांगितलं तेच तिने लिहिलं.

मी बाईंकडे गेले. "बाई, सांगा."

"नाय."

"सिस्टरची नोकरी जातली."

"कागद गौरजाक जातलो, सृष्टी. माज्या चेडवाक कळाक नको. घोव काय म्हणात तिचो? सासू काय म्हणात?"

"मग मी सांगू?"

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी नाही सांगितलं. पण आज एक पण मस्करी सुचली नाही. ओंकारने विचारलं, "गो, तू आजारी आसस?"

२१ मे, बुधवार

सकाळी हाक आली. "सृष्टी! सिस्टरांक बोलव. आणि दार लाव."

मी आत थांबले. बाई उठून बसल्या, सुजलेला हात उशीवर. एकदम शाळेतला आवाज — "सिस्टर, मी तपासणीत खोटं सांगितलं. आता लिहून घ्या. डावा स्तन. पूर्ण काढलेला. कॅन्सर होता. डाव्या हाताला बीपी नाही, सुई नाही. मोठ्या अक्षरात. खाली दोन रेघा."

सिस्टर लिहायची थांबली. "बाई, त्या दिवशीच सांगायचं होतंत ना."

"त्या सावित्रीच्या कानात? तुमी चौकात उभा करून विचारतास, नि माणसान खरा सांगूचा?"

सिस्टरने मान खाली घातली. मग म्हणाली, ह्यापुढे एकेकाच्या खोलीत, दार लावून विचारीन. जाऊन अजय सरांना पण दाखवलं. सरांनी शब्द मागे घेतले. सिस्टर राहतेय!

दुपारपासून एकेक खोली सुरू. सावित्रीकाकू बाहेर फेऱ्या मारतायत. "दार कित्याक लावतंत? आमका कळाक नको?"

मी बाईंच्या पलंगावर पाटी लावली — ह्या हाताक हात लावशात तर बाई छडी मारतली. बाईंनी वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही.

कागद उद्या घरोघरी जाणार. बाई म्हणाल्या, त्याआधी मी स्वतः सांगते तिला.

२२ मे

फोन मी धरला. बाईंचा डावा हात सुजलेला, उजव्याने पलंगाची कड धरलेली. बाईंनी सगळं सांगितलं. पित्ताचे खडे नव्हते, तिथपासून.

मग गौरजाताई म्हणाली, "आई, माझं पण ऑपरेशन झालंय. दोन वर्षं झाली. तुला सहन होणार नाही म्हणून..."

बाईंनी डोळे मिटले. मग विचारलं, "खंयची बाजू?"

"उजवी."

"माजी डावी."