नाकासमोरची गाडी

६ जानेवारी १९७४, रविवार. शिरूर.
ठरलं. मोटार घ्यायची. दौंडचे हॅरिससाहेब, रेल्वेचे रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला चाललेत. त्यांची लाल विलायती स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीट, टप कापडी. काल कवठे येमाईला भर पारावर मेहुण्याला, म्हणजे भिमाजीला, सांगून बसलो की तुझ्या खंडूची वरात माझ्या मोटारीतून निघेल. भिमाजी म्हणाला, दाजी, आधी सायकलची चेन बसवा. अख्खा पार हसला. कस्तुरा, आमची सौभाग्यवती, हसली नाही, पण तिने मान खाली घातली. ते जास्त लागलं. आता माघार नाही.
संकल्प : उद्यापासून तपकीर बंद. मोटारवाल्याला शोभत नाही.

१२ जानेवारी.
आमच्या खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात इंग्रजी पुस्तक मिळालं. जुनी गाडी घेण्याआधी पेट्रोल गळतंय का ते बघावं, आणि आधी वास घ्यावा, असं स्पष्ट लिहिलंय. हे काम माझंच. आमच्या घराण्याचं नाक तालुक्यात प्रसिद्ध आहे. कस्तुरा म्हणाली, परवा दूध करपलं तवा कुठं गेलं व्हतं? मी पुस्तकाचं पान उलटलं.
तपकीर चालू. भरलेली डबी टाकणं म्हणजे नासाडी.

२० जानेवारी, रविवार. दौंड.
तपासणी शास्त्रशुद्ध झाली. नाक मोकळं असावं म्हणून आधी दोन चिमटी तपकीर ओढली. बॉनेट उघडून वास घेतला. काही नाही. टाकीपाशी घेतला. काही नाही. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून साहेबांकडे चहा घेतला. परत येऊन पाहतो तो कागद ओला. कुत्रं असणार. खात्रीसाठी कागद हुंगला, तर कुत्र्याचाही वास नाही. दौंडची कुत्री स्वच्छ दिसतात.
साहेब सिगारेट पेटवायला फाटकाबाहेर गेले. खानदानी माणूस. परत येऊन म्हणाले, बाबूजी, थोडा टपकता है, पाइप बदली करना. विकणारा स्वतःच खोड काढतो म्हणजे त्याचा गाडीत जीव अडकलाय, विकायचं मन नाही. मी ओळखलं. तिथल्या तिथे विसार दिला.

२७ जानेवारी.
गाडी आणली. संघाची जीप शिकलो होतो त्याचा उपयोग झाला. दौंडला टाकी भरली ती अर्ध्या वाटेत, न्हावऱ्यालाच संपली. विलायती जनावर, खाणारच. पेट्रोल महागलं यात गाडीचा काय दोष?
पूजेला कस्तुराने नारळ फोडला, पण कापूर लावेना. म्हणे, आधी खालचं पुसा, मग देव. हल्ली लोकांची श्रद्धा कमी झालीय.
शेजारचा पोपट रोज आमच्या ओट्यावर बिडी ओढायचा. आज आला, थांबला, परत गेला. जळतोय.

१० फेब्रुवारी, रविवार. कवठे येमाई.
वाटभर कस्तुराने नाकाला पदर लावला होता. लग्नातसुद्धा एवढी लाजली नव्हती.
वरातीला खंडू बाशिंग बांधून शेजारी बसला. पुढे बँड, त्याच्यापुढे बाण आणि फटाके. पहिला बाण सुटला आणि भिमाजी धावतच आला. ओरडला, आरं इझवा ते! दाजींनी बाँब आणलाय! बँड थांबला. खंडूला बाशिंगासकट उचललं आणि घोड्यावर बसवलं. आठ जणांनी गाडी ढकलत थेट विहिरीपलीकडे नेली. तिथे एक माणूस बसवलाय, बिडीवाल्यांना हाकलायला. असा पहारा मंत्र्यांच्या गाडीला असतो.
सगळ्या बायका हसत होत्या. कस्तुरा माझ्याकडे आली. म्हणाली, भर माहेरात माझं नाक कापलंत. आन् तुमचं तर व्हतंच कुठं! माझ्या कोटातली डबी काढली आणि विहिरीत टाकली.
तपकीर सुटली. संकल्प पूर्ण. (इच्छाशक्ती.)

१३ फेब्रुवारी.
अजून इथेच. टाकी तळाला गेलीय. भिमाजीला वेळ झाला की पेट्रोलचा कॅन येणार आहे. कस्तुरा परवाच एस.टी.ने शिरूरला गेली. 
पहाटे अचानक नाक उघडलं. आधी शेण, मग चूल, मग भाकरी. किती दिवसांनी भाकरी! आणि मग पेट्रोल. कोटाला, टोपीला, तळहातांना. गाडीजवळ गेलो तर डोळ्यांत पाणी आलं. रात्रीतून कुणीतरी पाइप खिळखिळा केलाय. भिमाजीवर संशय आहे.

१४ फेब्रुवारी. शिरूर.
एकटाच आलो. कवठ्यात गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत भिमाजीने गावात चूलही पेटू दिली नव्हती म्हणे. रस्ताभर वास. डोकं दुखलं. पाइप बदलावाच लागणार, असं दोनदा मनात आलं. घरी कस्तुराने दारातूनच सांगितलं, ती भायेर ठेवा, कपडे भायेर ठेवा, आन् तुमीबी वाईच भायेरच बसा.
बाहेरच बसलो. मग उठून नाक्यावर गेलो, नवी डबी घेतली, दोन चिमटी ओढली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासणी केली.
गळती पूर्ण बंद.