वेदूच्या यादीत कोल्हापूर तिसरं

१८ ऑगस्ट, सोमवार
वेदू सकाळपासून मोबाईलात. नात माझी, पण आज चहापण गार करून प्याली. बारावी झाली, फार्मसीला जायचंय. कोल्हापूरचं कॉलेज पयल्यापासून मनात. आज कॉलेजांची रँक बघितली तर ते खाली घसरलेलं. "आजी, एवढं खाली गो!" मी तोंड पाडलं. आतून गुदगुल्या. रत्नागिरीला गेली तर सकाळच्या एस्टीने जाईल, दिवेलागणीला घरात. देवा, मी काय चांगली बाई नाय.

१९ ऑगस्ट
विचारलं, हे नंबर लावतं कोण? बोलली, कॉलेजंच आपापली माहिती भरून पाठवतात. मास्तर किती, पोरं पास किती, नोकऱ्या किती जणांना. शिवाय चार जाणत्या माणसांना विचारतात, तुम्हाला कुठलं बरं वाटतं. सगळ्याचे मार्क.
"म्हणजे आपली आमटी आपणच चाखायची आन झकास बोलायचं?"
"तपासतात गो!"
"मग आपलं रत्नागिरीचं कुठाय?"
"त्यांनी माहितीच पाठवली नाय. म्हणून यादीत नाय."
नाव नाय म्हणजे वाईट नाय. मला पटलं. लगेच पटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
वेदूने फॉर्मात भरायचा कॉलेजांचा क्रम कागदावर लावला. वर रत्नागिरी. कोल्हापूर तिसरं. मी घावणे केले, नारळाच्या रसाबरोबर. "आज कसला सण?" "तुझ्या जिभेचा." ह्यांच्या फोटोसमोर एक ठेवला. मी त्यांना बोलले, पोरगी राहतेय, आता तरी हसा.

२८ ऑगस्ट, ऋषीपंचमी
बाजूची मीनल अळूची पानं घेऊन आली. कोल्हापूरच्या त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, गणपतीला घरी आलेली. मी सहज छेडलं, "काय गो, तुमच्या कॉलेजाचा नंबर घसरला? तू गेलीस म्हणून काय?"
"आजी, रँक यंदाची, पण आतले आकडे दोन-तीन वर्षांमागचे. मी गेले तेव्हा शिकवायला माणसं नव्हती. आता सगळी भरली, नवी लॅब झाली. हे रँकेत दिसायला अजून वेळ हाय."
वेदू तेव्हा आगरात, फुलं काढायला. काय ऐकलं नाय तिने. मी मीनलला लाडू दिला आन लवकर वाटेला लावलं.
अळूची भाजी खाजरी झाली. चिंच घालायलाच विसरले.

३० ऑगस्ट
वेदूला नाय सांगितलं. गौरीच्या तयारीत वेळ कुठाय... वेळ होता.
ह्यांचा लग्नाआधीचा फोटो आठवला. फोटोत कुरळे केस. बघायला आले तर पुढून सफाचट! फोटो पाच-सहा वर्षांमागचा. मी पदर तोंडात कोंबून हसले. माझा बापूस चिडला, पण ह्यांच्या गावी, पालीच्या बाजारात जाऊन चौकशी केली. दुकानदार बोलला, केस गेले, पण बैलालासुद्धा शिवी देत नाय. फोटोत हे कुठं दिसतं? बापसाने घरी येऊन सगळं सांगितलं, आन बोलला, आता तू ठरव. त्याने ठरवून टाकलं असतं तर मी जन्मभर त्या टकलावरून भांडले असते.
तशी भांडलेच. पण मजेत.

३१ ऑगस्ट, गौर आली
वेदू उंबऱ्याशी गौरीची पावलं काढत होती. मी बोलले, "जरा मीनलकडे जा. कोल्हापूरचं नीट विचार. रँकेतले आकडे जुने हायत. आता तिकडे चांगलं शिकवतात."
"तुला कधी कळलं?"
"पंचमीला."
"आन आज सांगतेस?"
"माझापण आकडा जरा उशिरा येतो."
हसली नाय. पाऊल अर्धं टाकून तशीच गेली. पुढची पावलं मी काढली, वाकडीतिकडी. गौर लंगडत आली असेल.
जेवणाच्या वेळेला परत आली. खेटून बसली. "आजी, तू एकटी पडशील."
"मी कसली एकटी? तुझ्या आजोबाशी रोज भांडण असतं."
"ते उत्तर देतात?"
"जिवंतपणी तरी कुठं देत होते?"
तेव्हा हसली. मग डोळे पुसले, माझ्याच पदराला.

४ सप्टेंबर, गुरुवार
फॉर्म भरून आली. "वर कोण?" "सांगत नाय." "माझ्याच घरात मलाच?" "तू तीन दिवस दाबून ठेवलंस ना? आता तू बस." माझंच रक्त.
तिच्या बापसाचा मुंबईहून फोन. काय ठरलं? मी बोलले, ठरलं. काय ते मला ठाऊक असल्यासारखी.

५ सप्टेंबर
बऱ्याच दिवसांनी कडक ऊन. वेदूने जाडी गोधडी काढून अंगणात घातली. एकच. आपल्याकडे एवढी जाडी कधी लागते... कोल्हापूरला थंडी असते म्हणतात. माझ्यासाठी की तिच्यासाठी, विचारलं नाय. ती आत गेल्यावर मी उलटून घातली. दोन्हीकडून ऊन लागलेलं बरं.