वजनाच्या मानाने भारी

३ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या अकलेला, तिथे गरज जास्त आहे.

परवा फोनवर तू म्हणालास की सोनार हाच पाउंड-फॉर-पाउंड सगळ्यात भारी बॉक्सर, आणि त्यावर मी जे म्हणालो ते तीन घरं पलीकडे ऐकू गेलं. तुझ्या वहिनीने शिलाई मशीन थांबवलं, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि निकाल दिला की यापुढे बॉक्सिंगचा विषय फोनवर बंद. काय ती अक्कल पाजळायची ती दोघांनी पत्रातून पाजळावी, कारण पत्राने शेजारी जागे होत नाहीत आणि रक्तदाबही वाढत नाही. म्हणून हा कागद.

तर तुझा तो 'पाउंड-फॉर-पाउंड'. आपल्या क्लबातला कोच त्याला वजनाच्या मानाने भारी म्हणायचा. म्हणजे सगळे बॉक्सर एकाच वजनाचे आहेत असं समजायचं आणि मग श्रेष्ठ कोण ते ठरवायचं. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, त्यातलाच हा प्रकार. लोहार एकशे दोन किलोचा होता आणि त्याने एकतीस जणांना झोपवलं. तुझा सोनार एक्कावन्न किलोचा, बारा-बारा फेऱ्या समोरच्याला गुदगुल्या करायचा आणि पंच कंटाळून त्याला विजयी करायचे. कोचने उगीच नाही ही नावं ठेवली. सोनाराचे शंभर घाव, लोहाराचा एक.

बाकी तब्येतीचं म्हणशील तर पोटातली गाठ काढायचीच आहे. सत्तावीस मार्च ही तारीख दिली आहे, पण सर्जनची अट अशी की तोवर मी अठ्ठावन्न किलो भरलं पाहिजे. त्याखाली ऑपरेशन झेपणार नाही म्हणतो. आज चोपन्न आहे. एके काळी ब्याण्णव किलोचा माणूस मी, गोदामात मला बघून हमाल वाट सोडायचे, आणि आता दर गुरुवारी एक नर्स मला काट्यावर उभा करून तोंड वाकडं करते.

बघायला येऊ नकोस. अठ्ठावन्न भरलो की मीच बोलावीन. या अवतारात तू मला बघावंस अशी माझी इच्छा नाही, स्पष्टच सांगतो.

लोभ आहेच, तो वाढवण्याइतकी तुझी लायकी व्हावी ही इच्छा.

तुझा
दादा

---

१० फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार वि. वि. अर्धाच घातला आहे, खाली वाकलो की पाठ धरते. उरलेला समक्ष.

तुझं पत्र दुकानात बसूनच वाचलं. समोर भाजीवाल्याचा एक काटा दुरुस्तीला उघडून ठेवला होता, तो पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता. तू मला लोहाराबद्दल लिहितोस तेव्हा नेमका तेवढाच खोटा असतोस, फक्त ग्रॅमच्या जागी किलो.

मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते. हत्ती स्वतःलाच उचलून दमतो. आता यात भारी कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुझे ते एकतीस जण बहुतेक लोहार अंगावर पडेल या भीतीनेच झोपले असतील. सोनाराला मात्र एकदाही कोणी जमिनीवर पाहिलं नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण काय उगाच पडली आहे?

खरं सांगू? भांडण लोहार-सोनाराचं नाहीच. क्लबात तू हत्ती आणि मी टाचणी. कोचने आपल्याला एकदाही समोरासमोर उभं केलं नाही, कारण मधे चाळीस किलोंची दरी. तेव्हापासून मी म्हणत आलो की दादा माझ्या वजनाचा असता तर पहिल्याच फेरीत दाखवलं असतं. तू तेव्हा हसायचास. अजून हसतोस, फोनवर ऐकू येतं.

आणि नाकाचा विषय मी काढणार नव्हतो, पण तू गुदगुल्या म्हणालास. मी सतरा वर्षांचा, साडेचव्वेचाळीस किलोचा. सगळ्यात खालच्या गटाला निदान शेहेचाळीस लागायचे. तू माझ्या चड्डीच्या नाड्याच्या पट्टीत दीड किलो शिसं शिवून दिलंस. काटा फसला, मी आत गेलो आणि समोरच्याने माझं नाक जे डावीकडे वळवलं ते अजून तिकडेच बघतंय. रोज दाढी करताना तुझी आठवण येते.

ते असो. अंडी खा, दूध पी, वहिनी देतील ते ताटात टाकू नकोस. चार किलो म्हणजे काय मोठं नाही, आठ आठवडे आहेत असं समजून लाग. गुरुवारचे आकडे कळवत जा. मी येत नाही, तू म्हणतोस म्हणून. पण मला ते आवडलेलं नाही, हेही स्पष्टच सांगतो.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवू नकोस, वजन वाढव.

तुझी
टाचणी

---

६ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद, आज सढळ हाताने.

आठ आठवडे तू कुठल्या कॅलेंडरात मोजलेस कोण जाणे, इथे साडेसहाच होते. काटे दुरुस्त करणाऱ्याला मोजता येत नाही, गिऱ्हाइकांचं देवच भलं करो. पण तेवढे पुरले. पंचावन्न, मग छप्पन्न, आणि काल साडेसत्तावन्न! नर्सने काट्याकडे दोनदा पाहिलं आणि माझ्याकडे तीनदा. रोज सहा अंडी काय करू शकतात ते बघ. सर्जनने पाठ थोपटली. लोहार परत येतोय, सोनाराने आपली हातोडी आवरावी.

तुझ्या नाकाबद्दल मला वाईट वाटतं, पण सरळ नाकाने तरी तू कुठे दिवे लावणार होतास?

अर्धा किलो उरला. मग ये.

तुझा
दादा

---

१२ मार्च

भाऊजींना सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमच्या लोहार-सोनाराशी मला काही देणंघेणं नाही, दोघेही माझ्या घरी जेवायला आले नाहीत हे नशीब. मला दुसरंच विचारायचं आहे.

मी शिवणकाम करते, माझा काटा म्हणजे टेप. फेब्रुवारीत ह्यांची पँट कमरेत दीड इंच आत घेतली. परवा आणखी एक इंच घेतली. आणि दवाखान्याच्या कागदावर वजन साडेतीन किलो वाढलंय. शेजारचं मांजर मात्र टुणटुणीत झालंय, खिडकीतून अंडी कोण टाकतं ते मला काल कळलं. ह्यांना गिळवत नाही हो. चार घास झाले की पोट दुखतं, आणि ते सांगायचं नाही म्हणून सगळं नाटक.

दर गुरुवारी जाताना मात्र तो जाड जुना कोट घालतात. ऊन एवढं, तरी कोट. काल मी तो हातात घेतला आणि माझं मनगट मुरगळलं. अस्तराची शिवण मी घातलेली नाही, इतकी वाईट शिवण मी जन्मात घातली नाही. आत काय आहे ते उसवून पाहायचा धीर झाला नाही.

तुम्ही काट्यांचे डॉक्टर. मला एवढंच सांगा, काटा खोटा आहे की नवरा? माझं ऐकत नाहीत. तुमचंही ऐकत नाहीत, पण तुमच्याशी भांडतात तरी.

मला फार भीती वाटते आहे.

तुमची
वहिनी

---

१५ मार्च

दादा,

नमस्कार नाही. पुढे वाचल्यावर हवा तर घे.

कोटात शिसं आहे. नाही म्हणू नकोस, तुझी शिवण मी कमरेला बांधून लढलो आहे. पंचेचाळीस वर्षांत तुला दुसरी युक्ती सुचली नाही याचं मला कौतुक वाटतं. वहिनींवर डोळे वटारायचे नाहीत, त्यांनी फक्त मापं कळवली.

आता नीट ऐक. आमच्या गल्लीत औषधाचं दुकान आहे, त्यांचा काटा मीच बघतो. त्या फार्मासिस्टबाईंना विचारून आलो. भूल देतात ती वजन बघून देतात. इतके किलो, तर इतकं औषध. तुझा लाडका हिशोब, वजनाच्या मानाने. कागदावर साडेसत्तावन्न आणि टेबलावर त्याहून चार-पाच किलो कमी, म्हणजे त्या शिशाच्या वाटणीची भूलही तुझ्याच रक्तात जाणार. शिशाला झोप येत नाही, दादा. आणि अठ्ठावन्नची अट सर्जनने हौस म्हणून घातलेली नाही. कमी वजनाचा माणूस त्या टेबलावर काय सोसू शकतो ते बघूनच त्याला ठरवायचं होतं, आणि तू त्याच्याच डोळ्यात धूळ फेकलीस.

काटा फसतो. समोरचा फसत नाही. हे मी नाकावर शिकलो. त्या दिवशी शिसं तू लावलंस आणि मार मी खाल्ला, तरी घरी कोणाला सांगितलं नाही, कारण तू रात्रभर माझ्या उशाशी बर्फ घेऊन बसला होतास. या वेळी मी गप्प बसणार नाही. येत्या गुरुवारी कोट घरी ठेवून जा आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांग. नाही तर शुक्रवारी मी माझी सरकारी शिक्क्याची वजनं घेऊन त्या दवाखान्यात उभा राहीन आणि सगळ्यांसमोर तुला तोलीन. बोलाव किंवा नको बोलावू.

मला तू हवा आहेस. बारीक चालेल.

तुझा भाऊ

---

२१ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद. उरले आहेत तेवढे सगळे.

सांगितलं. कोट घरी ठेवला, शर्टावर गेलो, वाऱ्याने उडालो नाही इतकंच. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक बाई, स्वतः पंचेचाळीस किलो भरतील न भरतील. त्यांनी मला समोर बसवून आवाज न चढवता जे सुनावलं त्यात मी पहिल्याच फेरीत आडवा. एकतीस जणांनी मिळून लोहाराला इतकं मारलं नसेल. वजनाच्या मानाने भारी म्हणजे काय, ते मला थोडं समजलं असं वाटतं. हे वाक्य कोणाला दाखवलंस तर मी लिहिलंच नाही म्हणेन.

भीती वाटत होती रे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर गाठ घेऊन घरी बसायचं, आणि बसून काय करायचं ते मला माहीत होतं. म्हणून शिसं. शिवताना तुझं नाक आठवलं होतं, तरी शिवलं.

आता ऑपरेशन दहा एप्रिलला. तोवर पातळ खाणं, पावडरी, रोज तपासणी. जे खरं वजन भरेल त्याच्यावर करू, पण खोट्यावर नाही, असं सर्जन म्हणाला. तुझ्या वहिनीने कोट उसवून शिसं काढलं. माझी शिवण कशी होती यावर ती अजून बोलते आहे. मांजर मात्र उपाशी आहे.

खरा आकडा त्रेपन्न. तुझ्या वहिनीला आठवतं की मागच्या खेपेला इथे आलास तेव्हा तूही तेवढाच भरला होतास.

म्हणजे बघ. पंचेचाळीस वर्षं तू रडत होतास की दादा माझ्या वजनाचा असता तर. आता आहे. ब्याण्णवचा त्रेपन्न व्हायला मला बरेच कष्ट पडले, ते केवळ तुझ्या समाधानासाठी असं समज. दहा तारखेच्या आत ये. नंतर मी खाऊ लागलो आणि पुन्हा वरच्या गटात गेलो तर बोंबलत बसशील.

लोभ असू दे. नाक सांभाळ.

तुझा
दादा

---

२५ मार्च
(पोस्टकार्ड)

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर दुकानातल्या सगळ्यात खऱ्या काट्यावर उभा राहिलो. चोपन्न भरलो.

एक किलो उतरवतो आहे. सोमवारी येतो.

टाचणी