सहाव्या स्लॅबचे क्यूब

९ मे, शुक्र.
चऱ्होलीच्या साइटवरून पाचव्या स्लॅबच्या काँक्रीटचे, चाचणीसाठी भरलेले तीन क्यूब. निम्म्या सिमेंटऐवजी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड; नदीच्या वाळूऐवजी फाउंड्रीच्या साच्यांतून उरलेली काळी वाळू. आज २८ दिवस भरले, मशीनवर दाबले. पंचवीसची ताकद हवी, चाळीस आली! लॅबच्या रिपोर्टवर सही ठोकली. दादाचा फ्लॅट ह्याच बिल्डिंगमध्ये. त्याला फोन केला, निर्धास्त राहा.

१३ मे
फुटलेल्या तुकड्यावर अंगठ्याचा ठसा. मधोमध आडवा व्रण. बघताक्षणी ओळखला. सोपान मिस्त्री क्यूब भरला की ओल्यातच अंगठा टेकवायचा. लॅबमध्ये घेऊन यायचा तेव्हा हसायचा, "म्याडम, ही आपली सही."
सोपान फेब्रुवारीत साइटवर पडून वारला. पाचवा स्लॅब एप्रिलचा.

१४ मे
झोप नाही. मग डोकं चाललं. स्लॅगचं काँक्रीट महिनोन् महिने घट्ट होत राहतं. म्हणजे क्यूब जुनेच, चांगल्या मालाचे, बिल्डरने सोपानकडून एकदम भरून घेतलेले. दर स्लॅबला त्यातले तीन, वर नवी तारीख रंगवून. म्हणून चाळीस. आणि मी मूर्खासारखी पाचही वेळा सही केली. लाज वाटते.

२० मे
सहावा स्लॅब, म्हणजे दादाचं छत. स्वतः गेले. सुपरवायझरला जुन्या क्यूबबद्दल विचारलं. "न्हाई वो म्याडम, तसलं काय न्हाई. सोपान्या ग्येला, आता तुमीच भरा." भरले. वाळू जास्तच काळी वाटली.

२१ मे
साचे उघडले. वरचा भाग गुळगुळीत, नीट बघितला. आकुर्डीला लॅबच्या टाकीत सोडले. कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१७ जून, मंगळ.
कुलूप मीच काढलं. तिन्ही क्यूबवर अंगठा. मधोमध आडवा व्रण. कितीतरी वेळ हात पाण्यातच.
दोन दाबले. चौदा. साडेतेरा. तिसरा मशीनवर ठेवलाय, दाबवत नाही. दोनदा पुसला, ठशात पुन्हा पाणी येतंय.
दादाचा फोन. "काय गं, झाला ना आपला स्लॅब पास? घरमालकाला सांगून टाकू, दिवाळीनंतर खोली सोडतो म्हणून?"
थांब म्हणाले. नापास लिहिलं तर खालच्या पाच स्लॅबच्या रिपोर्टांचं काय...
कोरा रिपोर्ट समोर. सोपानची सही झालेली आहे. माझी राहिलीये.